टेम्पोच्या दारावरची ओळ

पोटासाठी मी कर्जाच्या कागदांचं मराठी करते. ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. फायनान्स कंपन्या त्यांचे करारनामे, नोटिसा, मोबाइलवर जाणारे मेसेज आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही ते निरनिराळ्या भाषांत करून देतो. मराठीचा कारभार माझ्याकडे. मी लिहिलेलं वाचणारा माणूस जगात एकही नसावा, असं मला पुष्कळदा वाटतं. कर्ज घेणारा सही कुठं करायची तेवढं बघतो आणि कर्ज देणाऱ्याला मराठी लागत नाही. तरी मी एकेका स्वल्पविरामासाठी भांडते. स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

या भांडणांतलं सगळ्यात जुनं भांडण ‘हायपोथिकेशन’ या शब्दावरून आहे. वाहनकर्जाच्या प्रत्येक करारात तो असतोच. आमच्याकडे त्याला चांगला जुना शब्द आहे, नजरगहाण. जमिनीच्या जुन्या कागदांत तो सापडतो. ताबेगहाणात वस्तू सावकाराच्या ताब्यात जाते. नजरगहाणात ती आपल्याकडेच राहते, सावकाराची फक्त तिच्यावर नजर असते. इतकं सरळ आहे. मी दरवेळी नजरगहाण लिहिते आणि दरवेळी आमचे कायदा विभागाचे साहेब ते खोडतात.

“मॅडम, नजर लागल्यासारखं वाटतं हो,” ते एकदा म्हणाले. “कस्टमर टेन्शन घेतो. हायपोथिकेशनच ठेवा.”

“आणि हायपोथिकेशन वाचून टेन्शन येत नाही?”

“नाही ना. कळतच नाही तर टेन्शन कसं येईल?”

हे त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. मी जागेवर जाऊन बसले आणि रागाच्या भरात तो शब्द मुळापासून उकरून काढला. त्याचं मूळ ग्रीक आहे आणि अर्थ आहे ‘खाली ठेवलेलं’, म्हणजे देण्याच्या आधाराला ठेवलेली वस्तू. पुढं रोमन लोकांनी त्याला कायद्यात बसवलं, ते कुळांच्या निमित्तानं. कुळाकडं तारण ठेवायला असून असून असणार काय, तर बैल आणि औतं. सोनं तारण ठेवलं की ते तिजोरीत जाऊन पडतं, कुणाचं काही अडत नाही. पण बैलच ओढून नेले तर तो माणूस जमीन कसणार कशी आणि खंड देणार कुठून? म्हणून तोड काढली की बैल त्याच्याच दावणीला राहू देत, तोच त्यांना जुंपेल, पण खंड थकला तर मालकाचा हक्क त्यांच्यावर. ग्रीकांकडं म्हणे गहाण पडलेल्या शेतात एक दगड उभा करायचे. शेत पिकवणारा पिकवतोच आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून शेतावर कुणाचं देणं आहे ते दगडावर लिहिलेलं असायचं.

ते वाचताना मला वाटलं, हा दगड मी रोज बघते. तो आमच्या टेम्पोच्या दारावर आहे.

टेम्पो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून उभं आयुष्य काढलं. पाठीनं साथ सोडली तेव्हा कर्ज काढून त्यांनी हा छोटा टेम्पो घेतला आणि तुर्भ्याच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ नेऊन पोचवू लागले. दारावर पिवळ्या रंगात बारीक अक्षरांची एक ओळ होती. आधी ‘एचपी’, म्हणजे तेच हायपोथिकेशन, पुढं फायनान्स कंपनीचं नाव. आप्पा रोज सकाळी टेम्पो धुवायचे आणि त्या ओळीवरून फडकं जरा हलक्या हातानं फिरवायचे, जणू ती पुसली गेली तर त्यांनाच जाब द्यावा लागणार होता.

मार्केटातल्या सगळ्या गाड्यांच्या काचेच्या वर काही ना काही रंगवलेलं असतं. कुणाच्या पोरीचं नाव, कुणाचा कुलस्वामी. आमच्या टेम्पोचं कपाळ कोरं होतं. आईनं एकदा विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, “कर्ज फिटू दे. तुजंच नाव टाकतो, मोठ्या अक्षरात. आजून गाडी आपली न्हाय. दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं नाव कशापायी लिव्हायचं?”

आई हसली होती. कर्ज फिटायच्या आधी ती गेली.

मी आप्पांना किती वेळा समजावलं, त्याला गणती नाही. “आप्पा, गाडी तुमचीच आहे. पहिल्या दिवसापासून तुमचीच. त्यांचा फक्त हक्क आहे तिच्यावर.” रोमन कुळाचे बैलसुद्धा मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या लोकांचं त्येंच्यापाशी. कार्डावर दुसऱ्याचं नाव हाय, तवर मी न्हाय आपली म्हननार.” कार्ड म्हणजे आरटीओचं, गाडीच्या नोंदणीचं. त्यावर मालकाच्या नावाखाली फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते त्यांना दिसायचं आणि टोचायचं.

शेवटचा हप्ता गेला आणि दसऱ्याच्या सुमारास कंपनीचं पत्र आलं. कर्ज पूर्ण फिटलं, या वाहनावर आमचा आता कोणताही हक्क नाही, आरटीओनं आमचं नाव काढून टाकायला हरकत नाही. पत्र इंग्रजीत होतं. मी ते वाचून दाखवायला बसले, पण आप्पांना ऐकायला फुरसत नव्हती. त्यांनी पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं, शिक्क्यावरही एक बोट टेकवलं आणि ते देव्हाऱ्यात टाकांच्या खाली ठेवून दिलं. मग रंगाऱ्याला बोलावून दारावरची ओळ पुसून घेतली. दार निळं आणि रंगाऱ्याचा निळा जरा वेगळा, त्यामुळं तिथं एक गडद चौकोन राहिला.

“उद्या आरटीओत जाऊ या,” मी म्हटलं.

“उद्या न्हाय. पालीच्या यात्रंला. खंडोबाच्या पायाला लावून आनतो, मग द्यायचं.”

आमच्या घरात ही रीतच आहे. नवं काही आलं की ते आधी पालीला जाऊन येतं, मग वापरायचं. माझ्या पहिल्या पगाराची पावतीही जाऊन आलेली आहे. पण यात्रा पौषात. मी पत्राच्या तळाची ओळ त्यांना वाचून दाखवली की हे पत्र तीन महिनेच चालतं. आप्पा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच ती ओळ घातली होती.

“कर्ज फिटलं त्येला मुदत कसली? फिटलं म्हंजी फिटलं. तीन म्हयन्यांनी परत चढतंय व्हय?”

बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या या बरोबर असण्यानंच पुढं माझ्या नाकी नऊ आणले.

पत्र पालीला गेलं, खंडोबाच्या पायाला लागलं, भंडाऱ्यात माखून परत आलं. आरटीओच्या खिडकीतल्या मुलीनं ते दोन बोटांत धरलं, तारीख बघितली आणि परत दिलं. “मुदत संपली. नवीन आणा.” खिडकीच्या कठड्यावर सांडलेला भंडारा तिनं कागदानं पुसला. आप्पा तिला म्हणाले, “पुसू नगा पोरी, कपाळाला लावा.” तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

नवीन आणा म्हणे. आणायचं कुठून? मधल्या काळात आमची फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली होती. वाशीच्या ऑफिसला कुलूप, दारावर नव्या पत्त्याचा कागद. नव्या पत्त्यावर गेलं की ते म्हणायचे फोन करा, फोनवर बाई म्हणायची ऑफिसात जा. मी खेटे घालत राहिले. रजा संपत आल्या. आणि एका दुपारी मोबाइलवर मराठीत मेसेज आला, ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची असून ती प्रक्रियेत आहे.’ ते वाक्य माझं होतं. मीच केलं होतं कधीतरी, चहा पिता पिता. ‘असून’ ठेवावा की काढावा यावर त्या दिवशी विचारही केला होता. इतका संताप मला दुसऱ्या कुणाच्या मराठीचा कधी आला नव्हता.

घाई होती, तिलाही कारण होतं. आप्पांचे गुडघे गेले होते, क्लच दाबताना चेहरा पिळवटायचा. टेम्पो विकायचा ठरला होता आणि घेणारी होती दिवाळे गावची एक मासेवाली बाई. आप्पा वर्षानुवर्षं तिचा बर्फ पोचवत आले होते. आता तिला स्वतःचीच गाडी हवी होती. लायसन तिनं आधीच काढून ठेवलं होतं आणि कर्जही मंजूर झालं होतं. ती आप्पांना दादा म्हणायची, मला बाय.

“बाय, मना गारी पुनवेच्या आदी पायजे,” ती दर फोनला सांगायची. “नारली पुनवेला होऱ्या दर्यान सुटतील. मंग बरफ कोन आनील माजा?”

मार्केटातल्या जाणत्यांनी सल्ला दिला की एवढं डोकं कशाला लावता, स्टँपपेपरवर ताबा पावती करा, गाडी देऊन टाका, नाव सावकाश निघेल. अर्ध्या मार्केटातल्या गाड्या अशाच हिंडतात. आप्पांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू ते कुणाच्या हातात देणार नव्हते. शिवाय त्यांच्या मनात अजून एक गोष्ट होती आणि ती मला ठाऊक होती. आधी कोरं कार्ड हातात यायचं, त्यावर फक्त त्यांचं नाव. मग टेम्पोच्या कपाळावर आईचं नाव. मग एकदा, निदान एकदा, तो टेम्पो मार्केटातून फिरवून आणायचा आणि मगच विकायचा.

“मग आजच टाका ना आईचं नाव!” मी ओरडले. “पैसे फिटलेत. कार्डाशी काय देणंघेणं?”

“कार्डावर त्येंचं नाव असताना? खोटं व्हईल ते.”

खोट्याचं हे प्रकरण तिथंच थांबलं नाही. नव्या कंपनीच्या ऑफिसात एकदाचा एक माणूस भेटला. त्यानं सांगितलं की पहिलं पत्र हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा, लगेच दुसरं देतो. नोटरीकडं टाईप करून घेतलं, ‘सदर मूळ पत्र माझ्याकडून गहाळ झाले आहे.’ आप्पांनी पेन खाली ठेवलं.

“गहाळ कुठं झालंय? देव्हाऱ्यात हाय की.”

“आप्पा, लिहायची पद्धत आहे ती.”

“देव्हाऱ्यातल्या वस्तूला हरवली म्हनून सही करू?”

बरं, मग मूळ पत्र त्या माणसाकडं जमा करावं, तर तेही नाही. देवाच्या पायाला लावलेलं परत कसं उचलून द्यायचं? मी तिथंच, नोटरीच्या टपरीसमोर, रस्त्यावर आप्पांवर ओरडले. कंटेनर धडधडत जात होते न्हावा शेवाच्या बंदराकडं, त्यामुळं मला आणखी मोठ्यानं ओरडावं लागलं. आप्पा शांतपणे फुटपाथच्या कठड्यावर टेकले आणि गुडघे चोळत बसले. मग मलाच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

पुन्हा एकदा त्या ऑफिसात गेले तेव्हा तो माणूस जेवायला गेला होता. शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मूळ प्रत कशाला पाहिजे? मुदत संपलेली आहे ना? झेरॉक्स लावा, साधा अर्ज द्या.”

“काय?”

“झेरॉक्स, मॅडम.”

आषाढ अर्धा सरला होता. पौषापासून आम्ही हातघाईवर आलो होतो ते या झेरॉक्ससाठी. तिचा काय दोष? पत्राचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. खाली जाऊन छापून आणला. त्यात कुंकू काळं उमटलं होतं.

नवीन पत्र आलं. त्याला आप्पांनी हळदीचं बोटही लावलं नाही. आम्ही तिघं आरटीओत गेलो, आप्पा, ती बाई आणि मी. बाहेर छत्रीखाली बसणाऱ्या एजंटानं आमचे कागद चाळले आणि खूश झाला.

“एकदम सोपं काम हाये. जुन्या कंपनीचं नाव काढायचं, गाडी ताईंच्या नावावर, ताईंच्या फायनान्सचं नाव चढवायचं. तिन्ही एकाच अर्जात. डायरेक्ट ताईंचं कार्ड येणार.”

माझा जीव भांड्यात पडला. आप्पांनी मात्र विचारलं, “म्हंजी माझ्या नावाचं कोरं कार्ड येनार न्हाय?”

“कशाला येईल काका? मधे थांबायलाच नाही.”

“वेगळं वेगळं केलं तर?” मी विचारलं.

“करा की. पण पहिलं कार्ड छापून पोस्टानं येणार, मग दुसरा अर्ज. तुमची पौर्णिमा गेली समजा.”

मला हे कळत कसं नव्हतं? शब्दाचा सगळा इतिहास मला पाठ, आणि नाव निघणं न् नाव चढणं यांच्यात आप्पांना एक दिवसही मिळणार नाही, हे मी धरलंच नव्हतं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, वेगळंच करू, इतके महिने गेले, आणखी जाऊ देत. आणि त्या बाईकडं वळून मी तिला सरळ सांगितलं की तुम्हाला थांबावं लागेल.

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आप्पांना म्हणाली, “दादा, तुमी बोलाल तसा. मी रिक्षान नेईन बरफ. वितलंल अर्धा, नेईन.”

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग एजंटाला म्हणाले, “एकदमच करा.” आणि जिथं जिथं त्यानं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या.

पौर्णिमेच्या आधी कार्ड आलं, तिच्या नावाचं, खाली तिला कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव. टेम्पो न्यायला ती आली तेव्हा रंगारी बरोबरच घेऊन आली होती. त्यानं दारावरच्या त्या गडद चौकोनात नवी ओळ घातली, ‘एचपी’ आणि पुढं नाव. चौकोनात ती बरोबर बसली. मग शिडी लावून तो कपाळापाशी चढला आणि लाल रंगात, हातभर अक्षरांत त्यानं लिहिलं, ‘एकविरा आई’.

आप्पा बघत उभे होते. “आजून तर पयला हप्ताबी गेला न्हाय तुमचा,” ते म्हणाले.

“फिटंल तवा फिटंल, दादा,” ती म्हणाली. “गारी तं आजपासून मीच चालवनार ना?”

जे रोमन बैलांच्या मदतीनंही मला आप्पांच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते ती गाडीत चढता चढता बोलून गेली. तिनं पहिला गिअर टाकला, टेम्पोनं एक आचका दिला आणि वळणावर दिसेनासा झाला. आप्पा रिकाम्या जागेवर पडलेला तेलाचा डाग चपलेनं घासत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातून ते पहिलं पत्र काढलं. इतके महिने त्याला हात लावू देत नव्हते, ते स्वतः माझ्या हातात दिलं. “वाच. मराठीत वाच.”

मी वाचलं. आप्पांचं नाव, गावासकट. गाडीचा नंबर. कर्ज पूर्ण फिटले आहे. या वाहनावर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

“परत वाच.”

मी परत वाचलं, जरा सावकाश. माझं मराठी दुसऱ्यांदा ऐकायला मागणारा हा पहिलाच माणूस होता.

“ह्येची मुदत संपली म्हनून ऱ्हायलं आपल्याकडं,” आप्पा म्हणाले. “न्हायतर त्या खिडकीतल्या पोरीनं ठेवून घेतलं असतं.” त्यांनी पत्राची घडी घातली, टाकांच्या खाली सारली आणि तिथंच हात टेकून उभे राहिले.

“तुझ्या आईचं नाव टाकायला पायजे व्हतं गं. तू म्हनत व्हतीस तवाच.”

इतके दिवस मी या वाक्यासाठी भांडले होते. आता ते ऐकून मला आप्पांचा भयंकर राग आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.